नव्वद नंबर नको: सिटी व्हीटेकच्या गिअर बॉक्सचं तेल

माझी गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक. दिसायला साधी चार दारांची. पण १४९३ सीसीचं इंजिन १०६ अश्वशक्ती देतं आणि त्यातली बरीचशी वरच्या आरपीएमला. खालच्या आरपीएमला ती निवांत असते, काटा वर चढला की जागी होते. म्हणजे ही गाडी मनासारखी पळवायची तर हात सतत गिअरवर हवा. २००३ मध्ये पुढची सिटी आली ती ७७ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन. त्यामुळे ज्यांना गाडी चालवण्यातच सुख वाटतं, ती मंडळी अजूनही जुनी व्हीटेक शोधत असतात. मीही शोधून सेकंड हॅण्ड घेतली आणि धुळ्याला आणली. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आधीच झालेलं होतं, बॉडी सुकी होती, इंजिन खणखणीत होतं.

खटकत होता तो गिअर. पौषात धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो. अशा सकाळी गाडी काढली की पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा मध्येच अडायचा, रेटला की तळहाताला बारीक कर्र जाणवायचं आणि मग गिअर बसायचा. पारोळा रोडने आठ-दहा किलोमीटर गेलं, बॉक्स तापला की बराचसा सुटा व्हायचा. पण लळिंग घाट चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरायची वेळ आली की तीच कर्र पुन्हा. ज्या गाडीचा जीवच गिअर बदलण्यात आहे, तिच्यात हे चालवून घेणं मला पटेना.

विचारायला सुरुवात केली तर सगळीकडून एकच सल्ला आला: नव्वद नंबरचं गिअर ऑइल टाका. नंबर मोठा तितकं तेल जाड. दोघांनी तर त्याही पुढे जाऊन एकशेचाळीस टाकायला सांगितलं. त्यामागचं कारणही सगळ्यांचं तेच. आपल्याकडे उन्हाळ्यात ४४-४५ डिग्री चढतं, पातळ तेल टिकणार नाही, जाड असेल तर दातांना धरून राहील. मी हे हसण्यावारी नेलं नाही. सल्ला देणारे लोक आयुष्यभर ट्रॅक्टरचे आणि मुंबई-आग्रा रोडवरच्या ट्रकांचे बॉक्स उघडत आलेत. केळी भरून रावेर-यावलहून निघालेला ट्रक किंवा कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, त्यांच्या दातांवर येणारा भार प्रचंड आणि फिरण्याचा वेग कमी. तिथे जाड तेल लागतंच. प्रश्न एवढाच होता की माझ्या गाडीच्या बॉक्सला तोच नियम लागू पडतो का.

पण तेलाकडे वळण्याआधी क्लच तपासून घेतला, आणि माझं म्हणणं आहे की हे प्रत्येकाने आधी करावं. क्लच पूर्ण सुटत नसेल तरीही गिअर कर्र करतो आणि माणूस उगाच तेल बदलत बसतो. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून गाडी सपाटीवर उभी करायची, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग जुळवणारी रिंग, नसतो. एवढं थांबूनही तो खरखरला तर क्लच आतून ओढतोय असं समजायचं. हायड्रॉलिक क्लच असेल तर त्याचं तेल आणि सिलिंडर बघायचे. माझा रिव्हर्स आवाज न करता बसला. दुसरी तपासणी चालत्या गाडीत: तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आधी न्यूट्रल, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून दुसरा. जुने ट्रक ड्रायव्हर ज्याला डबल क्लच म्हणतात तो हा. असं केलं की माझा दुसरा गिअर मुकाट्याने बसत होता. म्हणजे क्लच ठीक होता, दातही ठीक होते. काम करत नव्हती ती सिंक्रोची रिंग.

ही रिंग काय करते ते नीट कळलं तर कुठलं तेल हवं हे जवळजवळ आपोआप कळतं. माझ्या गाडीसारख्या बॉक्समध्ये सगळे पुढचे गिअर एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. आपण दांड्याने सरकवतो ती स्लीव्ह, जी त्या गिअरला शाफ्टशी बांधते. पण त्या क्षणी शाफ्ट एका वेगाने फिरत असतो आणि गिअर दुसऱ्याच. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीच्या वेगाने चार पावलं पळतो आणि मग दांडी पकडतो; रिंगचं काम म्हणजे ती चार पावलं. तिच्या आतला निमुळता भाग गिअरच्या तशाच निमुळत्या भागावर दाबला जातो, दोघे घासतात, वेग सारखे होतात आणि मगच स्लीव्हला पुढे जायला वाट मिळते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. रिंग बहुतेक जुन्या गाड्यांत पितळी असते आणि तिच्या घासणाऱ्या बाजूवर बारीक आटे पाडलेले असतात. ते आटे मधल्या तेलाचा पडदा कापून बाजूला सारतात. पडदा फाटल्याशिवाय धातूची पकड येत नाही.

म्हणजे या एका रिंगला तेलाकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. दात आणि बेअरिंग झिजू नयेत इतकं वंगण हवं, पण रिंग घसरत राहील इतका गुळगुळीतपणा नको. तेल जास्त जाड असेल तर थंडीत पडदा वेळेवर फाटत नाही. जास्त निसरडं असेल तर फाटूनही पकड येत नाही. दोन्हीचा परिणाम एकच: वेग जुळायच्या आत स्लीव्ह जाऊन दातांवर आपटते. दुसऱ्या गिअरला हे सगळ्यात आधी जाणवतं, कारण पहिल्या-दुसऱ्यातला वेगाचा फरक मोठा असतो आणि गावात दिवसभर तोच गिअर वापरला जातो.

आता डब्यावरच्या अक्षरांकडे येतो. सगळा घोळ इथे होतो. गिअर ऑइलवर एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, जीएल-४ किंवा जीएल-५ अशी नोंद असते. पाच हे चारापेक्षा मोठं, म्हणून तेल जास्त चांगलं, असं दुकानदारही सांगतात. वस्तुस्थिती अशी की जीएल-५ हे मुख्यतः मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरसाठी बनवलेलं तेल आहे. तिथे पिनियन (छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेपासून खाली सरकवलेला असतो, दात एकमेकांवर जबरदस्त दाबाखाली घसरतात, आणि ते चिकटून उखडू नयेत म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसचं प्रमाण जास्त ठेवतात, साधारणपणे जीएल-४ च्या दुप्पट. ही द्रव्यं धातूवर थर धरतात. हायपॉइडला तो थर वरदान आहे. पितळी रिंगला तो निसरडा पडतो, आणि काही तेलांतलं जहाल गंधक तापल्यावर तांब्याला खातंही. पितळात तांबंच जास्त. आजकालची काही जीएल-५ तेलं पिवळ्या धातूला धक्का लागणार नाही अशी बनवतात, ती तसं स्पष्ट लिहितात. डब्यावर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेलं असेल तर त्यावरून भार पेलण्याचं कळतं, रिंगेचं काही कळत नाही.

माझ्या सिटीत हायपॉइड नाहीच. पुढची चाकं ओढणारी गाडी, इंजिन आडवं. बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात, एकाच तेलात, आणि शेवटचा गिअर साधा तिरप्या दातांचा. ज्या रोगासाठी जीएल-५ निघालं तो रोगच या गाडीला नाही. एमटी-१ नावाची आणखी एक नोंद दिसते. नावावरून ती मॅन्युअल गाड्यांसाठी वाटते, पण ती ज्यांत सिंक्रोच नसतो अशा बस आणि अवजड ट्रकांच्या बॉक्ससाठी आहे.

जाडीबद्दलचा गैरसमज याहून मोठा. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. १०० डिग्रीला मोजलं तर ९० नंबरच्या गिअर ऑइलची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्समध्ये (तेलाची जाडी मोजायचं एकक) बसते. आणि ट्रॅक्टरच्या इंजिनात घालतो त्या १५डब्ल्यू-४० ची १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे गरम झाल्यावर 'नव्वद' आणि 'चाळीस' शेजारी-शेजारी असतात. खरा फरक पडतो तो तेल गार असताना. साधं खनिज ८०डब्ल्यू-९० चाळीस डिग्रीला १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइलच्या दुपटीच्या आसपास जाड असतं, आणि पारा जसा उतरतो तसं हे अंतर वाढत जातं. धुळ्याच्या जानेवारीतल्या सकाळी माझ्या रिंगा त्याच तेलाचा पडदा फाडायला झटत होत्या, हे पुढे तेल काढल्यावर कळलं.

उन्हाळ्याचा मुद्दाही याच मोजपट्टीवर तपासता येतो. बॉक्स इंजिनाला चिकटलेला असतो, चालून तापला की त्याच्या आतलं तेल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम होतं. बाहेर ३० असो की ४५. पंधरा डिग्रीचा फरक पडतो हे खरं, पण त्यासाठी दुप्पट जाडीचं तेल घालावं इतका तो मोठा नाही.

त्या काळातल्या होंडाच्या मॅन्युअल बॉक्ससाठी कंपनीचं स्वतःचं तेल आहे, होंडा एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड). ते पातळ आहे. किती पातळ, तर त्या पिढीच्या होंडांच्या मालकपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असे की एमटीएफ मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घाला. मात्र तेच कायम ठेवू नका, त्यात सिंक्रोला लागणारी द्रव्यं नसतात आणि गिअर जड होतात. हे वाक्य वाचलं आणि माझ्यापुरता वाद मिटला. बनवणाऱ्याने अडीअडचणीला इंजिन ऑइल चालेल म्हटलंय, म्हणजे बेअरिंग, फटी, आटे सगळं त्या पातळ तेलाच्या हिशोबाने केलेलं आहे. तिथे नव्वद नंबर हा बदल उपकारक ठरूच शकत नाही.

आणि हे फक्त होंडाचं नाही. बोर्ग-वॉर्नरचा टी-५ बॉक्स फोर्ड मस्टँगमध्ये वर्षानुवर्षं होता. त्याच्या सुधारलेल्या, 'वर्ल्ड क्लास' म्हणवल्या जाणाऱ्या आवृत्तीत ऑटोमॅटिक गाड्यांचं एटीएफ घालतात, जे एमटीएफपेक्षाही पातळ असू शकतं. उलट माझदाच्या एमएक्स-५ ला ७५डब्ल्यू-९० लागतं. दोन्ही स्पोर्ट्स कार, दोन्ही मॅन्युअल, आणि तेलं अशी दोन टोकांची. कारण रिंगांचा धातू, त्यांवरचं अस्तर, आट्यांची खोली सगळं वेगळं. म्हणून 'स्पोर्टी गाडीला हेच तेल' असं कुणी सांगितलं की मी गाडीचं पुस्तक मागतो.

माझ्यापुढे शेवटी दोनच पर्याय उरले: होंडाचं एमटीएफ किंवा चांगल्या कंपनीचं सिंथेटिक जीएल-४, ७५डब्ल्यू-८० जाडीचं. सिंथेटिकने काही जणांना थंडीत छान अनुभव आला आहे आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण माझ्या बॉक्सच्या आधीच्या इतिहासाची मला खात्री नव्हती. अशा वेळी आधी मूळ तेलावर यायचं, बॉक्स काय म्हणतो ते ऐकायचं, आणि काही कमी वाटलं तरच प्रयोग करायचा, हे मला शहाणपणाचं वाटलं. एमटीएफ नेहमीच्या ऑइलच्या दुकानात मिळालं नाही. एक मित्र कामानिमित्त नाशिकला जात होता, त्याच्याकरवी अधिकृत पार्ट काउंटरवरून मागवलं. सोबत दोन्ही प्लगांचे, म्हणजे तेल भरायच्या वरच्या आणि काढायच्या खालच्या, ॲल्युमिनियमचे नवे वॉशर. जुने वॉशर दाबून चपटे झालेले असतात, ते परत लावले की प्लग पाझरतो आणि मग माणूस तो जास्त आवळत बसतो. नव्वद नंबरपेक्षा हे तेल बरंच महाग पडलं, पण दोन लिटरच्या आतच लागतं आणि रोज बदलायचं नाही.

काम केलं साक्री रोडवरच्या एका गॅरेजात. चालवणारे बापू मूळचे ट्रॅक्टरचे मिस्त्री. त्यांच्याकडे गेलो ते खड्ड्यासाठी. तेलाची पातळी खरी कळायला गाडी सपाट हवी. जॅकवर एका बाजूने उचललेली गाडी खोटी पातळी दाखवते. शिवाय नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, घाई असली तरी.

आधी गाडी नगावपर्यंत चालवून आणली. तेल कोमट झालं की पातळ होतं, तळाचा गाळ हलतो आणि सगळं तेलाबरोबर बाहेर येतं. फार गरमही नको, हात भाजतो. बापू खाली उतरून थेट खालच्या प्लगला हात घालणार तोच मी म्हटलं, "बापू, आधी वरचा खोला."

"का बरं?"

"वरचा निघालाच नाही तर? खालून तेल गेलेलं असेल आणि भरायला वाट नसेल. गाडी इथंच अडकेल."

त्यांनी मान डोलावली. भरायचा प्लग पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला असतो, सतरा नंबरचा. वर्षानुवर्षं न हललेला. सहा बाजूंची गोटी (सॉकेट) लावून, लांब दांड्याने, हळूहळू वजन देत त्यांनी तो सोडवला. 'टक्' असा एकच आवाज आला. बारा बाजूंची गोटी किंवा उघडा पाना इथे वापरू नये, कडा गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा. खालच्या प्लगला डोकं नाही, चौकोनी खाच आहे, तीन सुताची (३/८ इंच). रॅचेटचा तीन सुताचा चौकोन त्यात नेमका बसतो, वर गोटीच लागत नाही. फक्त खाचेतला चिखल आधी तारेने कोरून काढायचा, नाहीतर रॅचेट पूर्ण आत जात नाही आणि खाच सोलली जाते.

प्लग सुटला आणि तेल पडायला लागलं तेव्हाच उत्तर मिळालं. एमटीएफची धार बारीक आणि सळसळती असते. इथे कोमट असूनही जाड, सावकाश धार लोंबत होती, रंग काळपट, आणि गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास सगळ्या खड्ड्यात भरला. ट्रकच्या मागच्या ॲक्सलचं झाकण ज्याने उघडलंय त्याला हा वास सांगावा लागत नाही. आधी कुठल्या तरी गॅरेजात या बॉक्सला जीएल-५ जातीचं नव्वद नंबर पाजलेलं होतं. बापूंनी दोन बोटांत तेल घेऊन चोळलं, नाकाशी नेलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, हाई तेल जाड शे. गिअरले दम लागी ऱ्हायना." पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ते स्वतःही नव्वदच घाला म्हणत होते. हातात तेल आल्यावर त्यांनी मत बदललं, आणि हे मला त्यांच्याबद्दल फार आवडलं.

प्लगच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर काय चिकटलंय ते नीट बघणं हा या कामाचा निम्मा हेतू आहे. माझ्या प्लगवर मऊ राखाडी लगदा होता, बोटांत चोळला तर कण न लागणारा. ती नेहमीची झीज. दातांचं पॉलिश म्हणा. टोकदार कपचे, दाताचा कोपरा, सुईसारखे तुकडे असे काही निघालं तर बॉक्स उघडायचाच असतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते तेलात शोधायचं. एका स्टीलच्या ताटलीत थोडं तेल घेऊन ती उन्हात तिरकी केली. तेलाच्या पातळ कडेला सोनेरी चमक दिसली. खूप नाही, पण होती. रिंगा झिजल्या होत्या.

तेल निथळायला अर्धा तास दिला. शेवटी थेंब थेंब पडत असतं तेव्हा प्लग लावायची घाई होते. थांबलेलं बरं, कारण कोपऱ्यांत राहिलेलं जुनं तेल नव्यात मिसळतं. खालचा प्लग नव्या वॉशरसह आधी हातानेच आटे धरेपर्यंत फिरवला, मग टॉर्क रेंचने आवळला. होंडाच्या या बॉक्सना खालच्याला ३९ न्यूटन-मीटर आणि वरच्याला ४४ असं प्रमाण आहे. आकडा लहान वाटतो, ट्रॅक्टरच्या सवयीच्या हाताला तर फारच लहान. पण खोकं ॲल्युमिनियमचं आहे. आटे एकदा उखडले की हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवण्यापासून खोकं बदलण्यापर्यंत काहीही वाढून ठेवलेलं असतं. बापूंनी आपला पाना बाजूला ठेवून रेंच घेतला आणि 'कट्' वाजल्यावर लगेच थांबले.

भरण्यासाठी इंजिनाच्या बाजूने वरून एक पारदर्शक नळी सोडली, खालचं टोक भोकात, वर नरसाळं. नवं तेल नळीतून खाली धावताना बघून बापूंना पुन्हा शंका आली. "भाऊ, इतलं पातळ चाली का?" मी त्यांना होंडाच्या पुस्तकातली इंजिन ऑइलची गोष्ट सांगितली. त्यांनी डबा हातात घेऊन मागचं पुढचं सगळं वाचलं आणि मग स्वतः ओतायला लागले. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं आणि बारीक धार बाहेर यायला लागली की थांबायचं, जास्तीचं वाहून जाऊ द्यायचं, धार थेंबावर आली की वरचा प्लग लावायचा. किती लिटर गेलं याचा हिशोब जुळतोय का एवढंच बघायचं. खरी पातळी भोक सांगतं.

निघालेलं तेल घ्यायला शेजारचे एक शेतकरी उभेच होते. आमच्याकडे जुनं तेल बैलगाडीच्या आकाला वंगण म्हणून, कुंपणाच्या डांबांना वाळवीसाठी लावायची पद्धत आहे. मी त्यांना नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. हे तेल जमिनीत मुरतं, विहिरीच्या पाण्यात उतरतं. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. बापूंच्या पिंपात ते गेलं. तिथून गोळा करणारा नेतो, हे मी विचारून घेतलं होतं.

फरक लगेच पडला का? काही प्रमाणात. गॅरेजातून बाहेर पडतानाच दांडा हलका झाल्याचं कळलं. पण गार बॉक्सची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्यातून दुसऱ्यात दांडा गेला. अडला नाही, फक्त जागा घेण्याआधी किंचित रेंगाळला. पुढच्या काही आठवड्यांत तेही कमी झालं. माझ्या समजुतीप्रमाणे रिंगांवर बसलेला जुन्या तेलाचा थर घासून निघायला तेवढा वेळ लागला. महिनाभराने मी तेच तेल पुन्हा काढून नवं भरलं, कारण निथळून झालं तरी बेअरिंगांच्या खोबणीत थोडं जुनं राहतंच. दुसऱ्यांदा निघालेल्या तेलाला गंधकाचा वास अगदी पुसट होता आणि रंगही बराच स्वच्छ. खर्च वाढतो, पण बॉक्समध्ये चुकीचं तेल होतं हे नक्की माहीत असेल तर हा दुसरा बदल करावाच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी: पातळ तेलात बॉक्स थोडा जास्त ऐकू येतो. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की इनपुट बेअरिंगची बारीक घरघर पूर्वी दबून असायची, आता कळते. क्लच दाबला की बंद होते. जाड तेल तो आवाज झाकत होतं. आवाज वाढत गेला तर बेअरिंग बघावं लागेल. आतापर्यंत तो होता तेवढाच आहे.

आणि राहिला उन्हाळा. 'आपल्याकडे टिकणार नाही' हे ज्याच्या-त्याच्याकडून ऐकलं होतं, म्हणून मे महिन्यात मुद्दाम भर दुपारी चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढलो. पुढे ट्रकांची रांग, दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा सतत, एसी चालू. गिअर वर पोहोचेपर्यंत सकाळइतकाच सुटा होता. पावसाळ्याआधी वरचा प्लग काढून पातळी बघितली, सिरिंजने थोडं तेल ओढून ताटलीत घेतलं: पातळी जागेवर, जळका वास नाही, सोनेरी चमक जवळजवळ नाही.

उरला आहे तो दुसरा गिअर, तोही एकाच प्रसंगी. इंजिन खूप वर फिरत असताना तिसऱ्यातून झटकन दुसऱ्यात ओढला तर अजून कर्र होते. रिंग झिजली ती झिजली, ते तेलाने भरून येणार नाही. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा बॉक्स उतरवावाच लागणार आहे, तेव्हा दुसऱ्याची आणि तिसऱ्याची रिंग, सोबत ते इनपुट बेअरिंग, एकदमच बदलायचं बापूंशी ठरलंय. तोपर्यंत घाटात उतरत्या गिअरला डबल क्लच मारतो, आणि तसा तो एकदाही खरखरलेला नाही.